ढोलांच्या गाडीचे आजोबा

इंडियानापोलिसच्या आमच्या ढोलपथकावर अनेकांचं ऋण आहे. बोल शिकवणारे आहेत, पुण्याहून येताना बॅगेत ढोलांची पानं घालून आणणारे आहेत, सरावासाठी मागचं पार्किंग मोकळं करून देणारं देऊळ आहे. पण सगळ्यांत आधी मी आठवण काढते ती एका अशा माणसाची, ज्यांनी आयुष्यात टिपरू हातात धरलेलं नाही. नाव लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही. पथकातली मुलं त्यांना आजोबा म्हणतात, मीही तेच म्हणते.

२०१७ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला झालं. तेव्हा आमचे ढोल लोकांच्या मिनीव्हॅनमधून, सीटा काढून, कसेबसे पोचले होते. परतल्यावर बंदिस्त कार्गो ट्रेलर घ्यायचं ठरलं. एल्खार्टचा परिसर आमच्याच इंडियाना राज्यात, आणि अमेरिकेतल्या ट्रेलरच्या धंद्याचं ते माहेरघर, तिथूनच आणला. सात फूट रुंद, सोळा फूट लांब, पुढून टोकदार नाकाचा, दोन ॲक्सलचा. भरून ७,००० पौंडांपर्यंत चालणारा. ढोल जागा फार खातात, वजन त्या मानाने कमी. खरा भार जनरेटरचा, स्पीकरचा, मंचाच्या फळ्यांचा आणि मखराच्या लोखंडी चौकटीचा.

ओढायला पथकातल्याच एकाचा पिकअप होता. त्याच्या रिसीव्हरवरच्या, म्हणजे हिच बसतो त्या मागच्या खोबणीवरच्या, लेबलवर दोन ओळी होत्या : साध्या बॉलवर ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि टंगवर, म्हणजे ट्रेलरच्या जोडायच्या टोकावर, ५०० पौंड, भार वाटून देणारा हिच लावला तर १०,००० आणि १,०००. म्हणजे तसा हिच घेणं भागच होतं. एका दुकानात आम्हाला १,२०० पौंडांच्या दांड्यांचा, सगळ्यांत जाड संच सुचवला गेला. मजबूत तेच चांगलं, असं तिथल्या माणसाचं म्हणणं.

ट्रेलर आम्ही ज्या आवारात ठेवायचो तिथे शेजारच्या रांगेत आजोबांचा घोड्यांचा ट्रेलर असायचा. ट्रक चालवण्यात हयात घालवून ते निवृत्त झाले होते. आमची चर्चा ऐकून जवळ आले आणि एवढंच विचारलं, "भरून मोजलाय का?" मोजला नव्हता. "मग हिच कशाच्या हिशोबाने घेणार?"

पुढच्या रविवारी आम्ही मिरवणुकीला निघताना भरतो तसाच ट्रेलर भरला. आजोबा न्हाणीघरातला वजनकाटा, चौकोनी जाड वासा आणि दोन पाइपचे तुकडे घेऊन आले. वाशाचं एक टोक विटेवर टेकवलं, दुसरं काट्यावर. विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अशा जागी पाइप उभा करून त्यावर ट्रेलरच्या टोकाचा कपलर हळूहळू उतरवला. काट्यावर आकडा आला २२०. त्याची तिप्पट ६६०. कानामागची सुतारी पेन्सिल काढून त्यांनी तो आकडा ट्रेलरच्या दाराला आतून चिकटवलेल्या पट्टीवर लिहिला. मग स्वतःच्या मोठ्या पिकअपला ट्रेलर जोडून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर नेला. ट्रेलरच्या चाकांवर ४,७६० पौंड भरले. दोन्ही मिळून ५,४२०. टंगवरचा भार त्याच्या बारा टक्के. दहा ते पंधरा टक्क्यांच्या आत असला पाहिजे, तसा तो होता.

मी वाळवा तालुक्यातली. वडील उसाची बैलगाडी भरायचे तेव्हा मोळ्या मागे जास्त झाल्या की गाडी उलार व्हायची, पुढे जास्त झाल्या की बैलांच्या मानेवर यायची. आजोबा दहा-पंधरा टक्क्यांचं समजावून सांगत होते तेव्हा मला ते नवीन वाटलंच नाही. जनरेटर उतरवायला सोपा म्हणून मागच्या दाराशी ठेवायचा की ॲक्सलच्या जरा पुढे, याचं उत्तर वडिलांनीही 'जरा पुढे' हेच दिलं असतं.

पिकअपच्या मागच्या टोकाला भार टेकला की मागची चाकं दबतात आणि पुढची हलकी होतात. स्टिअरिंगची पकड कमी होते, दिवे वर बघू लागतात. भार वाटणाऱ्या हिचच्या दोन स्प्रिंग दांड्या ताणल्या की त्या जोडाला उलट पीळ देतात, आणि मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. दांड्या नरम असल्या तर काम होत नाही. गरजेपेक्षा ताठ असल्या तर प्रत्येक खड्ड्याला दणका बसतो आणि ट्रेलरच्या चौकटीवर ताण येतो. आमचे ६६० आणि पिकअपच्या हौद्यात मागच्या ॲक्सलच्या मागे असलेलं शंभरेक पौंड सामान धरून ८०० च्या दांड्या पुरेशा होत्या. आजोबांनी तेच सांगितलं, आणि हिचने पिकअपची मूळ क्षमता वाढत नाही, हेही दोनदा बजावलं.

अजून एक गोष्ट दुकानात कोणी विचारली नव्हती. टोकदार नाकाच्या ट्रेलरला दांड्या अडकवायची जागा तोकडी पडू शकते. आजोबांनी टेप लावून कपलरपासून मागे नाकाच्या पत्र्यापर्यंतचं अंतर आणि चौकटीच्या पट्टीची उंची मोजली. साखळीवाल्या प्रकाराचा कंस नेमका पत्र्याखाली जात होता. म्हणून आम्ही कडक कंसावर टेकणाऱ्या दांड्यांचा संच घेतला. त्यात दांडी कंसावर घासूनच ट्रेलरची झुलणी आवरली जाते, वेगळा घर्षणदांडा लावावा लागत नाही.

बसवल्यावर पुन्हा काटा. एकट्या पिकअपच्या पुढच्या ॲक्सलवर ३,२६० पौंड होते. ट्रेलर जोडून, दांड्या सैल ठेवून २,९८०. दांड्या ताणून ३,१२०. गेलेल्यातला निम्मा भार परत आला होता, आणि त्या पिकअपच्या पुस्तिकेत तेवढंच मागितलं होतं. आकडे त्याच पट्टीवर गेले.

शिकागोला जाताना लाफायेतच्या पुढे आय-६५ वर पवनचक्क्यांचं रान लागतं. तिथे आडवा वारा ट्रेलरच्या सपाट बाजूवर थापा मारतो, शेजारून मोठा ट्रक गेला की आधी ढकलतो, मग ओढतो. त्या पट्ट्यात चालवताना मला आजोबांचं सांगणं तोंडपाठ असतं : झुलायला लागला तर ब्रेकवर पाय देऊ नकोस, ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर, ब्रेक कंट्रोलरच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लाव. तसं करायची वेळ अजून आलेली नाही, आणि याचं श्रेय मी त्या रविवारच्या मोजणीला देते.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. निघण्याआधी चालवणारा सोडून दुसऱ्या कोणीतरी गाडीभोवती फिरून पिन, क्लिप, साखळ्या, वायर आणि दांड्या बघायच्या, एवढं वचन घेतलं. विसर्जनाला आम्ही आग्रहाने बोलावलं तेव्हा आले. ढोल घुमत होते, सगळे तिकडे बघत होते. आजोबा नुकत्याच आलेल्या ट्रेलरच्या एकेका चाकाच्या तुंब्याला हात लावून कोणता जास्त तापलाय ते बघत होते. मग प्रसाद घेऊन घरी गेले.

आता ते लेकीकडे ॲरिझोनात असतात. गणपतीच्या आधी मी फोन करते. हालहवाल झाली की पहिला प्रश्न ठरलेला : यंदा सामानात काय वाढलं, आणि पुन्हा मोजलं का?

त्यांचं देणं त्यांना फेडता येणार नाही, ते घेणारही नाहीत. म्हणून आसपासच्या मंडळांना आणि पथकांना माझी विनंती आहे. ट्रेलर घेत असाल तर हिच विकत घेण्याआधी तो भरून काट्यावर न्या, रिसीव्हरवरचं लेबल वाचा, नाकापर्यंतची जागा मोजा. जमत नसेल तर आमच्याकडे या. वासा, वीट आणि काटा आम्ही देऊ, आणि मोजायला मी स्वतः उभी राहीन.