मस्तानीच्या तळ्याकांठीं

सुटीच्या दिवशीं घरांतल्या सर्वांनीं मिळून कोठें जावें, हा आमच्या घरीं नेहमींच वादाचा विषय होतो. सिंहगड म्हटला कीं आईचे गुडघे आड येतात. पर्वती म्हटली कीं मुलें "ती तर रोजचीच" म्हणून नाक मुरडतात. शेवटीं मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं दिवे घाटाच्या पायथ्याशीं असलेलें मस्तानीचें तळें पाहावयाचें ठरलें. आई, वहिनी, धाकटा भाऊ, मी आणि तीन मुलें अशीं आम्ही सात जणें निघालों. मुलांतला मोठा बाळू आठ वर्षांचा. चैत्रांत त्याची मुंज करावयाची आहे. मस्तानी म्हणजे आइसक्रीम घालून केलेलें घट्ट गोड दूध, एवढीच पुण्याच्या मुलांची माहिती; तेव्हां तळेंभर मस्तानी पाहण्यास तीं अगदीं उतावीळ झालीं होतीं!

पुण्याहून हडपसर, फुरसुंगीवरून सासवडास जाणारी बस घाट चढण्यापूर्वीं वडकी गांवीं थांबते. तेथें उतरून पुढची वाट पायीं चालावी. चढ असा जवळ जवळ नाहींच. कांदा-ज्वारीचीं शेतें मागें पडतात, बोरी-बाभळींचें विरळ रान लागतें आणि समोर घाटाचा डोंगर हळूहळू अंगावर येऊं लागतो. दाट अरण्याची अपेक्षा करणाऱ्यानें येथें येऊं नये. परंतु शहराच्या इतक्या जवळ रानांतली पायवाट, पायांखालचें वाळलेलें गवत आणि टिटवीची हांक मिळणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. मुलें बोरें वेंचीत, कांटे काढीत, धांवत होतीं. आईहि काठी टेकीत, मध्यें दोनदां बसून, सुखानें आली.

आणि मग एकाएकीं तळें दिसलें. डोंगराच्या कुशींत, दगडी बांधाच्या आंत, हिरवट रंगाचें निश्चल पाणी पसरलें होतें. पावसाळ्यांत डोंगरावरून उतरणाऱ्या ओहोळांनीं तें भरतें. बांधाचे घडीव दगड कोठें ढळले आहेत, सांध्यांतून झुडपें वाढलीं आहेत, तरी पेशवाईंतल्या कामाची भक्कमी अजून डोळ्यांत भरते. पलीकडच्या कांठीं दोन बगळे उभे होते. घाटांतून चढणाऱ्या वाहनांची घरघर दुरून कानीं येई. पण ती थांबली म्हणजे अशी शांतता पसरे कीं, पाण्यावर पडलेलें पानहि ऐकूं यावें.

बांधाच्या सावलींत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहींभात यांचा समाचार घेतल्यावर बाळूनें विचारलें, "आजी, मस्तानी कोण होती?"

ज्या घरांत आई लहानाची मोठी झाली, तेथें हें नांव मुलांदेखत उच्चारण्याची चाल नव्हती. तिनें माझ्याकडे पाहिलें, आणि मीं इतिहास सांगण्यास आरंभ केला. इ. स. १७२९ मध्यें महंमदखान बंगषानें बुंदेल्यांच्या छत्रसालास पेंचांत धरलें असतां बाजीरावांनीं धांवून जाऊन त्यास सोडविलें. त्यानंतर मस्तानी बाजीरावांबरोबर पुण्यास आली. शनिवारवाड्याच्या एका दरवाजास तिचें नांव आहे, आणि कोथरूडच्या तिच्या महालाचा भाग राजा केळकर संग्रहालयांत आपण पाहिलाच आहे. हें तळें बाजीरावांनीं तिच्यासाठीं बांधलें, अशी परंपरा आहे. १७३४ सालीं तिला मुलगा झाला. त्याची मुंज व्हावी असें बाजीरावांच्या मनांत होतें. परंतु पुण्याच्या ब्रह्मवृंदानें ती नाकारली, असें सांगतात.

मुंज हा शब्द ऐकतांच बाळू सावरून बसला. "मग पुढें?"

"पुढें २८ एप्रिल १७४० रोजीं बाजीराव नर्मदाकांठीं रावेरखेडीस वारले. मस्तानीहि त्यांच्या मागोमाग गेली. तिची कबर पाबळास आहे. तो मुलगा पेशव्यांच्याच घरांत वाढला. तोच समशेरबहादर. १४ जानेवारी १७६१ रोजीं तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनें लढला आणि त्याच जखमांनीं मेला."

"पण त्याची मुंज कां नाहीं केली? त्यानें काय केलें होतें?"

"तो काळच तसा होता" हें उत्तर माझ्या ओठांवर आलें होतें. पण आई मध्येंच म्हणाली, "कांहीं नाहीं रे. त्यानें कांहींच केलें नव्हतें." मग काठीनें घाटाकडे दाखवून ती म्हणाली, "ही वाट दिसते ना? दर वर्षीं ज्येष्ठांत माउलींची पालखी ह्याच वाटेनें सासवडास जाते. चढ मोठा म्हणून रथाला जादा बैल जोडतात, आणि हजारों माणसें नामघोष करीत वर चढतात. त्या ज्ञानोबांची मुंजहि ब्राह्मणांनीं नाकारली होती. संन्याशाचीं पोरें म्हणून! आज त्यांच्या पादुकांवर आपण डोकें ठेवतों. नाहीं म्हणणाऱ्यांचीं नांवें कोणाला ठाऊक आहेत?"

बाळू बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "आजी, माझ्या मुंजीला सलीम येईल ना?"

सलीम हा त्याचा वर्गांतला मित्र. निमंत्रणांच्या यादींत त्याचें नांव बाळूनें आपल्या हातानें लिहिलें होतें, आणि त्यापुढें पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह केलेलें होतें. तें कोणीं केलें, हें आईनें विचारलें नाहीं. विचारण्याची गरजहि नव्हती. तें माझ्याच हातचें होतें. वडीलधारे काय म्हणतील, एवढाच विचार मीं तेव्हां केला होता. आणि घरांतलें सर्वांत वडील माणूस तर माझ्या समोर बसलें होतें!

"येईल तर!" आई म्हणाली. "आणि तुझ्या शेजारीं बसून जेवेल."

उन्हें कलल्यावर आम्ही परतलों. वाचकांस जावयाचें असल्यास पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. उन्हाळ्यांत पाणी ओसरतें व वाटेवर सावली मिळत नाहीं. पिण्याचें पाणी व फराळ घरूनच न्यावा. तळ्यांत मात्र कोणीं उतरूं नये. गाळामुळें खोलीचा अंदाज लागत नाहीं. आणि आपण नेलेले कागद, द्रोण, पिशव्या आपणच परत आणाव्या.

रात्रीं मुलें निजल्यावर मीं ती यादी काढली आणि प्रश्नचिन्ह खोडून टाकलें. सकाळीं बाळूनें ती पाहिली, कांहीं बोलला नाहीं, पण सलीमच्या नांवाखालीं त्यानें आणखी एक ओळ लिहिली: "आणि त्याची आई."