बॅटरीची जागा

आमच्या जावयांनी १९५१ सालचा शेव्हर्ले ३१०० पिकअप ट्रक विकत घेतला तेव्हा त्याचं इंजिन बंद होतं आणि हौद्याच्या फळ्या हाताने मोडत होत्या. डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या माणसाला असलं वेड लागलं तर नवल नाही म्हणा. तिथे वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्राच भरते, १९९५ साली सुरू झालेली. आता ट्रकमध्ये ३५० क्युबिक इंचांचं व्ही-एट इंजिन बसलंय, रंग लागलाय, हौद्याला नवं लाकूड आलंय. अडलं होतं एका गोष्टीवर. बॅटरी कुठे ठेवायची?

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? बॉनेटखाली ठेवा की! त्यावर जावई नुसते हसले. या मंडळींचं म्हणजे असं असतं की इंजिन देव्हाऱ्यासारखं सजवायचं, पाइपसुद्धा चकचकीत, इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा आरशासारखा गुळगुळीत. त्यात मध्येच काळा ठोकळा आणि लाल-काळ्या वायरी नकोत. शिवाय इंजिनाच्या उष्णतेने बॅटरीचं आयुष्य कमी होतं, हे कारणही आहेच. पण खरं कारण पहिलं, एवढं मला कळतं.

मूळ ट्रकमध्ये बॅटरी होती शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली. फ्लोअरमध्ये एक झाकण असतं. मॅट बाजूला करायची, झाकण उघडायचं, खाली बॅटरी. त्या वेळी ती ६ व्होल्टची असे (या ट्रकांना १२ व्होल्ट आले १९५५ साली). व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, आणि करंट दुप्पट म्हणजे वायर जाड आणि होईल तितकी आखूड हवी. म्हणून बॅटरी इंजिनाच्या जवळ, तरी त्याच्या धगीपासून दूर, आणि माणसं बसतात त्या केबिनच्या बाहेर. वाकून पाहिल्यावर मला तर ती जागा फार विचाराने ठरवलेली वाटली.

जावयांना मात्र सीटच्या मागची जागा खुणावत होती. या ट्रकमध्ये पेट्रोलची टाकी चक्क केबिनमध्ये, सीटच्या मागे उभी असते. ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण तेव्हा सगळे तसेच हिंडत होते. जावयांनी ती काढून नवी टाकी हौद्याखाली नेली. मागे जी पोकळी राहिली ती नेमकी बॅटरीच्या मापाची! त्यांनी पुठ्ठ्याचं खोकं करून तिथे ठेवूनही पाहिलं.

तिथून आमच्या लेकीचं आणि त्यांचं वाजलं. ट्रकमध्ये सीट एकच, सलग बाकासारखी. तिघं बसली की नात मध्ये. तिच्या पाठीमागे सतरा-अठरा किलोचा ठोकळा, तोही आम्लाचा. गाडी कुठे आदळली तर? लेकीने दुसरा मुद्दा काढला तो गॅसचा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. जावई म्हणाले, "मी एजीएम बॅटरी घेणार आहे. ती सीलबंद असते, आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, सांडायचा प्रश्नच नाही." हे खरं आहे. पण सीलबंद म्हटलं तरी तिला एक झडप असते. आल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून बॅटरी जास्त चार्ज होऊ लागली की ती झडप उघडते आणि गॅस बाहेर पडतो. त्यावर बंद पेटी आणि तिची नळी केबिनबाहेर, असाही उपाय आहे, आणि पुष्कळ लोक तो करतात. तरी मी लेकीच्या बाजूने बोलले. सासूने जावयाच्या छंदात तोंड घालू नये हे खरं, पण नात माझीही आहे.

आपल्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघर इन्व्हर्टर आले, तेव्हा आमच्या इलेक्ट्रिशियनने बॅटरी बेडरूमच्या कपाटात ठेवायला साफ नकार दिला होता. "बाई, गॅलरीत ठेवा. वारा लागेल, आणि पाणी संपलं तर दिसेल तरी." ते 'दिसेल तरी' मला फार पटलं होतं. दडवलेल्या वस्तूची देखभाल होत नाही.

मग हौद्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवायची टूम निघाली. यात एक गंमत आहे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, तिथे वजन गेलं तर चांगलंच. १९५९ च्या मिनी गाडीत तर कंपनीनेच बॅटरी मागे डिकीत दिली होती. पण वायर किती लांब होते बघा. जावयांनी कागदावर हिशोब मांडला, नात शेजारी बसून गुणाकार करत होती. स्टार्टर २०० अँपिअर घेतो असं धरू. १५ फूट वायर जर ४ गेजची असेल तर पाऊण व्होल्ट वायरीतच जातो. १/० ची जाड केबल घेतली तर ०.३ व्होल्ट. अर्थिंगच्या वाटेवर जातं ते वेगळं. हे चालण्यासारखं आहे, पण ती जाड केबल गाडीखालून जाणार. कुठे पत्र्याच्या धारेवर घासून सोलवटली तर बॅटरीचं वेल्डिंग मशीनच होतं! म्हणून जिथे जिथे भोक तिथे रबरी बूच, जागोजागी क्लिपा, आणि बॅटरीजवळच ब्रेकर. शिवाय खालून चिखल उडणार तो वेगळाच.

शेवटी मी विचारलं, "अहो, मग जुनी जागा काय वाईट आहे?" म्हणाले, "आई, तिथे सायलेन्सरचा पाइप येतो." जुन्या इंजिनाला एकच पाइप होता. व्ही-एटला दोन, त्यातला उजवा नेमका तिथून जातो. मी म्हटलं, पाइप वाकतो की!

दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये खाली आडवे पडून मापं घेत होते. आता ठरलंय ते असं. पाइप आतल्या बाजूला वळवायचा. बॅटरी आणि पाइप यांच्यात पत्र्याचा आडोसा, त्यात बोटभर हवेची फट. बॅटरी एजीएमच, पट्टीने घट्ट आवळलेली, वर मूळचंच झाकण. या व्ही-एटचा स्टार्टरही उजवीकडे खालीच असतो, त्यामुळे केबल चार-एक फुटांत भागते, म्हणजे तोटा ०.०८ व्होल्ट. हा गुणाकार नातीने एकटीने केला.

आता नवा वाद सगळा वीजपुरवठा एका झटक्यात तोडणाऱ्या स्विचचा आहे. लेकीला तो ड्रायव्हरच्या हाताशी हवाय, जावयांना सीटखाली, दिसणार नाही असा. नात म्हणते, माझ्या बाजूला बसवा. तिचं मत तूर्त मोजलेलं नाही.