निवट्यांचं कालवण

निवटी घ्यायची ती जिवंतच. टोपात उड्या मारत असेल तर वाटा उचलायचा, निपचित पडली असेल तर पुढे चालायला लागायचं. मांदेली बर्फातली चालेल, बोंबीलही एक वेळ चालेल. मेलेल्या निवटीचा चिखलाचा वास मात्र कितीही धुवा, जात नाही.

आमच्या उरणकडे आगरी घरांत पावसाळ्यात हीच खरी मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. मग खाडीकडेच बघायचं. गोबी कुळातला हा मासा ओहोटीला बिळातून वर येतो, पुढच्या परांवर रेलत चिखलातून सरकतो. अंग ओलं असेतोवर कातडीतून नि तोंडाच्या आतल्या बाजूने हवा घेतो. खातो काय, तर चिखलावर धरलेला शेवाळाचा पातळ थर. मुठीतून सटकणारी ही निवटी बिळात हात घालून काढणाऱ्यांचं मला अजून नवल वाटतं. मी फक्त रांधणारी.

कसब लागतं ते साफ करताना. खोलगट भांड्यात निवट्या, वर मूठभर जाडं मीठ, आणि लगेच झाकण. झाकण दाबून धरावं लागतं, नाहीतर स्वयंपाकघरभर शोधत फिरा! शांत झाल्या की राखेत चोळायच्या, बुळबुळ सुटेतोवर. राख नसेल तर पुन्हा मीठ. पोट दाबून माती काढायची. डोकं ठेवायचं, ते टाकणाऱ्यांनी कोलंबी खावी.

पुढे फार काही करायचं नसतं. ठेचलेला लसूण तेलात, हळद, आमचा आगरी मसाला, चिंचेचा कोळ. कैरी असली तर कैरी. वांग्याच्या फोडी आधी शिजवून घ्यायच्या. निवट्या टाकल्या की पळी घालायची नाही, टोप दोन्ही हातांनी धरून हलवायचा. नारळाचं वाटण मला मंजूर नाही. या माशावर मांस ते किती! त्याची सगळी चव रश्शात उतरते, आणि नारळ ती झाकून टाकतो.

व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावरच्या बायका हेच जाणून आहेत. तिथल्या खारकच्छातला ‘गो’ हा गोबीच, काटेरी आणि किरकोळ. तो उकळून, गाळून, त्या पाण्यात तांदूळ शिजवतात. ताटात मासा दिसतच नाही. जपानात क्यूशू बेटावर आरिआके समुद्राच्या चिखलात ‘मुत्सुगोरो’ मिळतो, आपल्या निवटीच्याच प्रजातीतला भाऊबंद. हा शेवाळ खाणारा, आमिषाला भुलत नाही. म्हणून कोळी फळीवरून चिखलात घसरत जातात आणि लांब काठीच्या दोरीला बांधलेला रिकामा गळ फेकून त्याला अंगालाच अडकवतात. मग सोया सॉसचा गोडसर रस लावून भाजतात. त्यांच्या नेमबाजीला माझा नमस्कार, पण भाजण्याशी मी सहमत नाही. रस्सा गेला की निवटीत उरलं काय?

आमच्याकडे खाडीवर भराव पडत चालला आहे. तिवरं तोडली, भरतीचं पाणी अडलं, की चिखल वाळतो आणि बिळं संपतात. वाटा महाग का, याचं उत्तर तिथे आहे; विकणारीशी घासाघीस करून उपयोग नाही.

पावसात उरण-पनवेलच्या बाजारात गेलात आणि टोपात उड्या दिसल्या, तर एक वाटा घ्याच. सोबत तांदळाची भाकरी करा, आणि नारळ फोडू नका.