लीन

आमच्या घरात हा शब्द आला तो वडिलांच्या सरकारी नोकरीतून. ते प्रतिनियुक्तीवर महामंडळात गेले, तेव्हा आई शेजारणींना निर्धास्तपणे सांगे, ‘ह्यांचं लीन आहे ना मूळ खात्यात.’ म्हणजे जुनी खुर्ची कायम होती. शासकीय मराठीत त्याला धारणाधिकार म्हणतात, पण घरात कोण म्हणणार? मला मात्र लीन म्हटलं की हरिपाठाला बसलेले आजोबाच दिसत.

कॉमर्सला १८७२चा करार कायदा होता, त्यात हाच शब्द पुन्हा भेटला. आमचे सर इंग्रजी वळणाने ‘लीअन’ म्हणत. अमेरिकेत ‘लीन’ही चालतं. मुळात तो फ्रेंच शब्द, लॅटिनमधल्या ‘बंधन’ अर्थाच्या शब्दावरून आलेला. कलम १७०खालची उदाहरणं मला फार आवडत. जवाहिऱ्याने हिऱ्याला पैलू पाडले, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. शिंप्याने मात्र तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. हक्क फक्त अडवून ठेवण्याचा, विकण्याचा नव्हे. आणि वस्तू हातची गेली की हक्कही गेला. उधारी कबूल केली नसेल, तर शिंप्याला निदान मजुरीपुरतं तरी लीन आहे. वकिलाला अशिलाची फाइल फीसाठी अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. ठीकच केलं.

पुढे बँकेत लागलो. तिथे लीअन कोणी म्हणत नसे. ठेवीवर कर्ज दिलं की लीन ‘मारायचं’, फिटलं की ‘उठवायचं’. कलम १७१ बँकांना हा हक्क सढळ हाताने देतं: एका व्यवहारातलं येणं दुसऱ्यात आलेल्या मालावरही धरता येतं.

आता निवृत्तीनंतर हा शब्द आमच्या भाजीवाल्याकडून ऐकतो. कुणा गिऱ्हाइकाने यूपीआयने दिलेला पैसा फसवणुकीचा निघाला, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार गेली आणि ह्याच्या खात्यातली रक्कम अडकली. बँकेचं त्याच्याकडे एक पैसा येणं नाही. तपासासाठी पैसे गोठवणं आणि करार कायद्यातलं लीन या दोन वेगळ्या गोष्टी. पण ॲपमध्ये शब्द तोच छापतात. तो वाचतो, ‘काका, खात्यावर लायन बसलाय.’ तक्रार परराज्यातली, म्हणून अर्ज तिकडच्या ठाण्यात करायचा. सोमवारी तो लिहून घ्यायला माझ्याकडे येणार आहे.