सोळाचा हट्ट

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी सांगितलं, की एसीला २० अंशांच्या खाली आणि २८ च्या वर जाता येऊ नये असा नियम करायचा सरकारचा विचार आहे. त्यावर ओरड झाली ती विसाची. अठ्ठाविसासाठी कुणी अवाक्षर काढल्याचं आठवत नाही. रिमोटवर साधारण १६ ते ३० असे आकडे असतात, आणि त्यातले वरचे कुणाला आपले वाटतच नाहीत; हक्काचा वाटतो तो सोळा. गंमत अशी की हा सोळा फारसा कुणाला मिळतही नाही. मे महिन्यात दिवसभर तापलेल्या, पश्चिमेला भिंत असलेल्या खोलीला घरगुती एसीने सोळावर आणणं बहुतेक घरांत शक्य नसतं. माणसाला हवा असतो तो लगेच गारवा, आणि सोळा लावला की खोली लवकर गार होते अशी त्याची समजूत असते. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण जोरात चालतो, नाहीतर बंद असतो. आकडा खाली नेल्याने तो जोरात धावत नाही, फक्त थांबायचा राहतो. इन्व्हर्टर एसी खोली किती तापली आहे ते पाहून वेग बदलतो, हे मान्य. पण उकडलेल्या खोलीत पंचवीस लावले तरी तोही सुरुवातीला जवळजवळ सगळा जोर लावतोच. सोळाची मिळकत शेवटी एवढीच, की रात्री तीन वाजता पायाशी गुंडाळलेली गोधडी अंगावर ओढावी लागते. गारठायचं आणि मग पांघरायचं, या दोन्हींचे पैसे एकाच बिलात.

हा गारवा केवढा असतो, याचा अंदाज टनावरून यावा. दुकानदार ‘दीड टनाचा घ्या’ म्हणतो तेव्हा तो बर्फाचा हिशेब सांगत असतो. २४ तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसून काढणारं यंत्र एक टनाचं. दीड टनाचा एसी आठ तास पूर्ण जोरात चालला, तर साडेचारशे किलो बर्फाचं काम झालं. एका झोपायच्या खोलीत, एका रात्रीत. १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ करवतीने कापून ‘टस्कनी’ जहाजात भरला आणि कलकत्त्याला धाडला. निघताना १८० टन होता. भुशात दाबून बसवलेला तो बर्फ चार महिने प्रवास करत, दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात पोहोचला, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. मला या व्यवहारात त्या भुशाचं फार कौतुक वाटतं. लाकूडवखारीतला कचरा, पण त्याने विषुववृत्तावरचं ऊन अडवलं. पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईला आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, तेव्हा ‘मुंबई समाचार’ने ‘बरी खोड मोडली’ अशा सुरात बातमी दिली असं सांगतात. आइस्क्रीमने सर्दी होते हे मला पटत नाही, पण परदेशी गारव्याबद्दलचा तो खवचटपणा अस्सल मुंबईचा आहे. मुंबईतलं बर्फघर काळाच्या ओघात गेलं. चेन्नईचं समुद्राकाठी अजून उभं आहे. तिथे आता विवेकानंदांचं स्मारक आहे. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि तळ्यांवरच्या करवती थांबल्या. त्या काळी साहेबाच्या पेल्यात पडणारा खडा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेला असे, म्हणून तो जपून घातला जाई. आज भिंतीवरच्या पेटीतून साडेचारशे किलो बर्फाचा गारवा येतो आणि अंगठा सोळावरून हलत नाही.

मग आकडा किती असावा? सरकारी उत्तर २४ आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमामुळे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले घरगुती एसी २४ वर बेतलेले येतात. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो, कारण तो कुणाचा हात धरत नाही आणि रिमोटशी खेळत बसायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांची वीज आपोआप वाचवतो. दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असंही ब्युरो सांगतो. पण चोवीस हा आपल्या अंगाचा आकडा नव्हे. आरामाचे जगभरचे जुने मापदंड बऱ्याच अंशी डेन्मार्क-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत, बंद खोलीत बसवलेल्या विद्यार्थ्यांवरून ठरले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये आपल्याकडची पाहणी मांडली. अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांनाच विचारलं होतं. त्यातून दिसलं ते असं, की बाहेरचा पारा चढतो तसा माणसाला सुखाचा वाटणारा आतला पाराही चढतो. मे महिन्यातलं अंग जानेवारीतल्या अंगापेक्षा वेगळा आकडा मागतं. वर्षभर एकच आकडा धरून बसणं म्हणजे अंगाला न विचारता कारभार करणं.

यावर कोणी म्हणेल, मग नागपूरकराने एसी जास्त गार ठेवावा, बाहेर ४५ आहे ना! माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरची हवा कोरडीठाक असते, घाम फुटतो आणि सुकतो. म्हणूनच तिथे वाळ्याचे पडदे आणि कूलर पिढ्यानपिढ्या चालत आले. मुंबईत कूलर लावला तर घरातली दमट हवा आणखी दमट होते. कोरड्या हवेत पंखा फिरत असला की २७-२८ अंश निवांत झोपेचे असतात. मुंबईत पारा ३४ चाच, पण चिकचिक. तिथे त्रास देतो तो ओलावा, आणि ओलावा काढणं हेच तर या यंत्राचं पहिलं काम. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते जुळवलं, माणसांसाठी नव्हे. दमट हवेने कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग जागा चुकत. मुंबईत रात्री एसीच्या नळीखाली बादली ठेवून पाहावी. सकाळपर्यंत तिच्यात जे साठतं ते खोलीतल्या हवेतलं पाणी असतं. विदर्भात भर मेमध्ये ती नळी जेमतेम ओली होते. तेव्हा मुंबईला पंचवीस-सव्वीस, फार कोंदट वाटलं तर थोडा वेळ ड्राय मोड, आणि नागपूरला सत्तावीस-अठ्ठावीस, असा माझा कौल आहे. पण मुंबईकरानेही आकडा फार खाली नेऊ नये, असं पैशाचं गणित सांगतं. भिंतीतून आत शिरणारी उष्णता आत-बाहेरच्या फरकाच्या प्रमाणात असते. मुंबईत ३४ आणि २४ मध्ये दहा अंशांचा फरक, म्हणजे आणखी एक अंश खाली गेलात की हा भार दहा टक्क्यांनी वाढला. नागपूरला ४५ आणि २४ मध्ये एकवीस. तिथे तोच अंश पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. ऊन आणि माणसांच्या अंगाची उष्णता यात धरलेली नाही, पण कल यावा एवढं यातून कळतं. सोळाचा हट्ट टक्केवारीच्या हिशेबात मुंबईकराला जास्त महाग पडतो.

‘बिल मी भरतो, तुमचं काय जातं?’ हा आक्षेप मात्र बिनतोड वाटतो तेवढा नाही. दीड टनाचा एसी खोलीतून पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता उपसतो आणि स्वतः खाल्लेली वीज त्यात मिसळून सगळी बाहेरच्या पेटीतून गल्लीत सोडतो. समोरासमोर गॅलऱ्या असलेल्या इमारतींत ती थेट शेजाऱ्याच्या खिडकीवर जाते, आणि आपल्या देशात दहा घरांपैकी जेमतेम एका घरी एसी आहे. खिडकी उघडी ठेवून झोपणारे बाकीचे नऊ. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली होती. उन्हाळ्यातल्या त्या चढणीत एसींचा वाटा मोठा असतो, आणि रात्री सौरऊर्जा मदतीला नसते. तान्ही बाळं, आजारी माणसं यांचं वेगळं; त्यांचा आकडा डॉक्टरांनी सांगावा, मंत्र्यांनी किंवा माझ्यासारख्याने नव्हे. बाकीच्यांनी एवढं करून पाहावं: आधी एसीची जाळी काढून नळाखाली धुवावी, कारण धुळीने बुजलेल्या जाळीमागे कुठलाच आकडा खरा राहत नाही. मग सव्वीस लावावे, छताचा पंखा दोनवर ठेवावा आणि अर्धा तास रिमोटला हात लावू नये.