घंटेमागचे हात

भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोरवा ही गावं लागतात. राईत शाळेचा विषय निघाला की मला आधी आठवतात त्या मावशी आणि शिपाईकाका. तत्त्वांची भाषणं आपण करतो; ती पाळतात ही माणसं. ओळख पटल्याशिवाय मूल कुणाच्या हाती द्यायचं नाही, समोरचा कितीही मोठा असो. सापडलेलं पाकीट थेट कार्यालयात जमा. कुणी बघत नसलं तरी तांदळातला खडा सोडायचा नाही. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. तो पुरता ताटात पोचतो, तो नियमाइतकाच या हातांच्या सचोटीमुळे.

11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांत शिपाई निवृत्त झाला की पदही संपतं. त्याजागी शाळेला भत्ता मिळतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलं ओळखीची व्हायला वर्षं लागतात. भत्त्यावर आलेला माणूस कितीही भला असला, तरी त्याला उद्याची खात्री नाही. नीतीनं वागणाऱ्यांना स्थैर्य देणं, हे समाजाचंही कर्तव्य आहे.