सिलॅबसबाहेरचा वाघ

ऑफिसात नवीन कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘चंद्रपूरची? मग वाघ-बिघ रोज दिसत असतील ना!’ मीही लगेच मोबाईलमधले ताडोबाचे फोटो काढून भाव खाऊन घेते. हिंजवडीत तेवढाच आपला टीआरपी!

खरं तर माझा पहिला वाघ शाळेतला. विल्यम ब्लेकचा, १७९४ सालचा. ‘द टायगर’ ही कविता तोंडपाठ होती. कवी वाघाला नुसते प्रश्न विचारत सुटतो. तुला कोणत्या भट्टीत घडवलं? आणि कोकरू ज्यानं केलं, त्यानंच तुलाही केलं का? उत्तर एकाचंही देत नाही. गाईडमध्ये मात्र होतं, ‘ईश्वराची अगाध शक्ती.’ पाच मार्क, विषय संपला.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बातमी मी कॅन्टीनमध्ये वाचली. माझी मावशी त्याच तालुक्यातली. तीही दर उन्हाळ्यात तेंदूला जाते. तिचा फोन लागेपर्यंत समोरचा डबा तसाच. ती सुखरूप होती.

दिवाळीत तिच्याकडे गेले. गोठ्यात एकच शेळी. दुसरी पावसाळ्यात वाघानं नेलेली. आणि मावशी मला घेऊन निघाली कुठे, तर गावाबाहेरच्या वाघोबाला! शेंदूर लावलेला दगड. तिनं नारळ फोडला, हात जोडले.

‘मावशी, तुला राग नाही येत?’

‘येते ना. भेव बी लागते. पण शेळी बी त्याचीच अन् वाघ बी त्याचाच. कोणाले इचारावं बापा?’

मी गप्पच झाले. ताडोबा हे नावसुद्धा तारू नावाच्या गोंड प्रमुखावरून पडलं असं सांगतात. वाघाशी झुंजताना तो गेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. सफारीत मी तिथून कितीदा गेले असेन, पण नजर कॅमेऱ्यात!

ब्लेकनं उत्तर का दिलं नाही, ते मला त्या दगडापाशी कळलं. ते द्यायचंच नव्हतं. भीती आणि नमस्कार, दोन्ही एकाच वेळी मनात राहू द्यायचे होते.

फोटो मी अजूनही दाखवते. पण तेंदूच्या दिवसांत सकाळच्या मीटिंगआधी एक फोन ठरलेला.

‘मावशी, आलीस का गं परत?’